तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यूस्टन नमतं घेत होता का?

चार्ल्स ह्यूस्टनवर बोललो की शेवटी कुणीतरी हात वर करतंच. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवलं तरी चालेल, सोयी समान असल्या की झालं, हा 'वेगळं पण समान' निकालच अन्याय होता, तर एनएएसीपीचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा, हा काळा वकील 'वेगळं ठेवताय तर समान तरी द्या' असं का मागत बसला? थेट घाव का नाही घातला? हल्ली प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा आवाज चढतो. म्हणून इथे लिहून टाकतो.

1896चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होता. 1935 मध्ये त्याच्यावर धावून जाऊन हरलो, तर तोच निकाल आणखी पक्का होऊन पुन्हा गळ्यात. ह्यूस्टनने निकाल खरा धरला आणि खर्च राज्यांच्या गळ्यात घातला. वेगळं हवंय ना? मग दुसरं लॉ कॉलेज उभारा, ग्रंथालय आणि प्राध्यापकांसकट. लॉ कॉलेजच का? न्यायाधीशाला दुसरं काही कळो न कळो, वकील कसा घडतो हे कळतंच. हा डाव मला आजही देखणा वाटतो.

पण लॉइड गेन्सचं काय, हे तुम्ही कधी विचारत नाही.

मिसूरी विद्यापीठाने या काळ्या पदवीधराला लॉला घेतलं नाही. शेजारच्या राज्यात शिक, फी आम्ही भरू, असं उत्तर मिळालं. नोव्हेंबर 1938 मध्ये ह्यूस्टन सर्वोच्च न्यायालयात बोलायला उभा राहिला, तेव्हा मॅकरेनॉल्ड्स या न्यायमूर्तीने खुर्ची फिरवून पाठ केली. ह्यूस्टन बोलत राहिला. 12 डिसेंबरला 6 विरुद्ध 2 मतांनी जिंकलाही: शिक्षण राज्यातच द्या. मिसूरीने काय करावं? सेंट लुइसमध्ये पूर्वी केशरचना आणि सौंदर्याचं शिक्षण मिळायचं, त्या इमारतीत काळ्यांसाठी लॉ कॉलेज थाटलं. याला समान म्हणायचं का, हे कोर्टापुढे न्यायचं तर गेन्स हवा. मार्च 1939 मध्ये शिकागोत एका रात्री पोस्टाची तिकिटं आणतो म्हणून तो बाहेर पडला, तो परत आलाच नाही. कुणी मारला, की तोच वैतागून निघून गेला, आजवर उलगडलेलं नाही. वादीच नाही म्हटल्यावर दावा संपला.

पूर्वी हा भाग मी एका वाक्यात उरकायचो. डावाचं कौतुक चाललेलं असताना गेन्स अडचणीचा व्हायचा. पायरी-पायरीने लढायचं तर प्रत्येक पायरीला एक जिवंत माणूस लागतो, ज्याचं नाव रोज पेपरात येतं. अर्थात थेट लढ्यालाही तो लागलाच असता. म्हणजे हे काही उत्तर नव्हे.

तुमच्या बाजूचा पुरावाही मीच देतो. वॉशिंग्टनच्या काळ्या पालकांचा शाळांचा खटला ह्यूस्टनकडे होता, समान सोयींचाच. हृदयविकाराने अंथरूण धरल्यावर त्याने पालकांचा पुढारी गार्डनर बिशप, पेशाने न्हावी, याला जेम्स नॅब्रिट या वकिलाकडे पाठवलं. नॅब्रिटने साफ सांगितलं: समान सोयी मागणार नाही, वेगळेपणावरच दावा लावेन. 22 एप्रिल 1950 रोजी ह्यूस्टन गेला, 54 व्या वर्षी. नॅब्रिटचा खटला 17 मे 1954ला, शाळांतलं वेगळेपणच बेकायदा ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्यासोबतच जिंकला गेला.

मग तुमचंच बरोबर? नॅब्रिट उभा होता तो गेन्सच्या निकालावर, असं मी ठासून सांगतो. गेन्सच्या आईला हेच सांगायची वेळ आली असती, तर जीभ रेटली नसती.