शनिवारची रात्र, प्रिझर्व्हेशन हॉल

शनिवार, रात्री उशिरा. न्यू ऑर्लीन्स.

आज प्रिझर्व्हेशन हॉलला, म्हणजे इथल्या जुन्या जॅझच्या छोट्या खोलीत, जाऊन आलो. ह्यूस्टनहून निघायच्या आधी दादाच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं की प्रिझर्व्हेशन हॉल वगैरे नका करू, ते सगळं टुरिस्टांसाठी आहे, खरं जॅझ ऐकायचं तर फ्रेंचमेन स्ट्रीटवरच्या क्लबांत जा. काल फ्रेंचमेन स्ट्रीटलाही जाऊन आलो आणि मजा आली, नाही असं नाही. पण आज हॉलमधून बाहेर पडल्यापासून माझं डोकं त्या एका वाक्याशी भांडतंय. टुरिस्टांसाठी आहे म्हणून ते खोटं, हे कुणी ठरवलं? या जागेची हकिगत बघितली तर ती उभी केली तीच मुळात बाहेरून आलेल्या, फिरायला आलेल्या एका नवराबायकोने.

अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी. दोघं पेनसिल्व्हेनियाचे, नवीनच लग्न झालेलं, मेक्सिकोहून घरी परत जाताना वाटेत न्यू ऑर्लीन्सला थांबले आणि इथल्या म्युझिकच्या मागे मागे जात सेंट पीटर स्ट्रीटवरच्या एका आर्ट गॅलरीत पोचले. गॅलरीवाला लॅरी बोरेनस्टीन. त्याला रात्री दुकान सोडून गाणंबजावणं ऐकायला जाता यायचं नाही म्हणून तो म्हाताऱ्या वादकांनाच गॅलरीत बोलवायचा, या, बसा, वाजवा, आणि लोक पेटीत जमेल तेवढे पैसे टाकायचे. १९६१ साली तिथेच प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत जॅफींनी तो चालवायला घेतला. सँड्रा गेटवर टोपली घेऊन बसायच्या. अ‍ॅलन स्वतः ट्युबा, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचे.

हे सगळं घडलं तेव्हा न्यू ऑर्लीन्सचं हे जुनं जॅझ कुणालाच नको होतं. रॉक अँड रोल आलेलं होतं, जॅझवाले स्वतः पार पुढे निघून गेले होते, आणि ज्यांनी तरुणपणी इथल्या मिरवणुकांत आणि डान्स हॉलमध्ये हे वाजवलं ती माणसं आता साठी-सत्तरीत, हाताला काम नाही. जॉर्ज लुईससारखा क्लॅरिनेटवाला, ज्याचं नाव आज जॅझच्या प्रत्येक इतिहासात असतं, त्याने कितीतरी वर्षं गोदीत हमाली करून पोट भरलंय. अशा लोकांना रोज संध्याकाळी बसून वाजवायला एक खोली मिळाली आणि वाजवल्याचे पैसे मिळाले. स्वीट एमा बॅरेट नावाच्या पियानोवाल्या होत्या, त्या पायाला घुंगरं बांधून पियानो वाजवायच्या, ताल पायातून आणि सूर हातातून. १९६७ मध्ये अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला, तरी बाई उजव्या हाताने वाजवत राहिल्या. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, आणि आज त्या खोलीत उभी असताना सारखं तेच आठवत होतं.

आणि काळ लक्षात घ्या. लुइझियाना हे या शहराचं राज्य, आणि १९६१ चं लुइझियाना म्हणजे काळे-गोरे एका बाकावर बसायचे नाहीत, एका स्टेजवर वाजवायचे नाहीत, असा कायदाच. हॉलमध्ये मात्र दोघं शेजारी शेजारी बसायचे आणि बँडही मिसळलेला असायचा, त्यावरून जॅफींना पोलिसांनी धरून नेलं. सँड्रांनी नंतर सांगितलेली आठवण अशी की कोर्टात जज म्हणाला, आमच्याकडे कॉफीत क्रीम मिसळत नाहीत, आणि त्यांना हसूच आवरेना, कारण या शहराची ओळखच दूधवाली कॉफी. सकाळी आम्ही कॅफे दु माँदला चिकोरीवाली तीच कॉफी प्यायलो, बेन्ये नावाच्या तळलेल्या पदार्थावरची पिठीसाखर सगळ्यांच्या कपड्यांवर. तेव्हा मी ही गोष्ट वहिनीला सांगितली तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, एवढं सगळं एका खोलीपायी सोसलं त्या लोकांनी.

बरं, आजचं लिहिते.

हॉल बर्बन स्ट्रीटपासून काही पावलांवरच आहे. बर्बन स्ट्रीटवर शनिवारी रात्री काय असतं ते सांगायला नको, प्रत्येक दारातून वेगळं गाणं फुल आवाजात, हातात प्लास्टिकचे मोठे ग्लास. तिथून सेंट पीटर स्ट्रीटला वळलं की डावी-उजवी शोधावं लागतं कारण हॉलला काही रोषणाई नाही. जुनी लोखंडी फाटकं, वर वाद्यांच्या जुन्या पेट्या टांगलेल्या, त्यांवर नाव लिहिलेलं. बाहेर रांग. तिकीट ऑनलाइन काढून ठेवलं होतं दादाने, उभं राहायचं, कारण बसायची स्वस्तातली संपली होती. आत घेताना सांगतात की फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग काही नाही, फोन खिशात. आत ना बार, ना खायचं काही, टॉयलेटसुद्धा नाही. मला हे फार आवडलं (टॉयलेटचं सोडून, वहिनीला त्याची काळजी लागली होती). यायचं, ऐकायचं, जायचं.

खोली किती लहान असावी? आपल्या जुन्या वाड्यातल्या माजघराला लागून ओटी असते ना, ते दोन्ही एक केलं तर जेवढं होईल तेवढी. भिंतींचे पोपडे निघालेले, रंग धुराने काळवंडल्यासारखा, जुन्या वादकांची तैलचित्रं लावलेली, ती बहुतेक नोएल रॉकमोर या चित्रकाराची, साठच्या दशकात त्याने इथल्या वादकांना समोर बसवून काढलेली. पुढे जमिनीवर उशा, मग काही बाक, मग मागे आम्ही उभे. स्टेज असं नाहीच. वादक त्याच जमिनीवर खुर्च्या टाकून बसतात आणि उशीवर बसलेल्या पोराच्या नाकासमोर ट्रॉम्बोनची नळी येते आणि मागे जाते. माइक नाही. एकही नाही. हे आधी वाचलेलं होतं पण ऐकल्यावरच त्याचा अर्थ कळला, कारण मशीनमधून आलेला आवाज सगळीकडून सारखाच येतो, आणि इथे ट्रम्पेट डावीकडून येत होती, ड्रम जमिनीतून तळपायाला लागत होता आणि बँजो अगदी मधे, बारीक पण स्पष्ट. या जुन्या बँडमध्ये गिटारऐवजी बँजो का असतो ते पण समजलं, माइक नसताना पितळी वाद्यांच्या गर्दीत गिटारचा आवाज कुणाला ऐकू जाणार.

पहिल्या सुरालाच अंगावर काटा आला. ट्रम्पेटवाल्याने चाल धरली, सरळ, सगळ्यांना ओळखू येईल अशी, आणि क्लॅरिनेट तिच्या वरून भराभर फिरायला लागली, खालून ट्रॉम्बोन लांब लांब घसरत उत्तरं द्यायला लागला. तिघंही एकाच वेळी आपापलं सुचेल ते वाजवतायत आणि तरी कुणी कुणाच्या वाटेत येत नाहीये. मला यातलं शास्त्र फार कळत नाही, पण इतकं कळलं की प्रत्येक जण वाजवताना दुसऱ्याचं ऐकत होता, कारण क्लॅरिनेटवाल्या आजोबांनी मधेच एक छोटीशी फिरकी घेतली आणि ट्रम्पेटवाल्याने पुढच्याच ओळीत ती उचलली आणि ड्रमरने मान डोलावून हसून दाद दिली. मग एकेकाने सोलो घेतला, आणि शेवटी परत सगळे एकदम, आधीपेक्षा दुप्पट जोरात. ड्रमर तरुण होता, तिशीचा असेल, त्याच्या हातात मिरवणुकीचा ठेका होता, ज्याला इथे सेकंड लाइन म्हणतात. मिरवणुकीत बँड आणि यजमान मंडळी पुढे, आणि रस्त्यावरून सामील होऊन नाचत मागे येणारे लोक ते सेकंड लाइन.

मधे एक संथ रचना झाली. ट्रम्पेटवाल्याने सांगितलं की ही अंत्ययात्रेत वाजवायची, स्मशानाकडे जाताना, पाय ओढत, आणि माणूस पोचवून झाला की परत येताना तीच मंडळी जल्लोषाचं वाजवतात. मग त्याने दोन्ही वाजवून दाखवलं, एकामागून एक, मधे न थांबता. दादा इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता, आप्पांना जाऊन फार दिवस झाले नाहीयेत, तो एकदम माझा हात धरून उभा राहिला. बोललो नाही आम्ही काही. वेग बदलला तेव्हा दादाचा पाय ठेका धरायला लागला होता आणि मला इतकं बरं वाटलं ते बघून.

फर्माईशीचे पैसे पडतात इथे. जुन्या पाटीवर दरच लिहिलेले असायचे, पारंपरिक गाण्याचा एक भाव, बाकीच्यांचा वेगळा आणि ‘सेंट्स’चा, म्हणजे ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ या गाण्याचा, सगळ्यात जास्त, कारण प्रत्येक टुरिस्टाला तेच हवं असतं आणि वादकांना ते दिवसातून किती वेळा वाजवावं लागत असेल. आज कुणीतरी मागून नोट पुढे पाठवली आणि सेंट्स झालंच. मी नीट बघत होते की वादक उरकतायत का. नाही उरकलं. क्लॅरिनेटवाल्या आजोबांनी डोळे मिटून असा काही सोलो घेतला की वाटावं आत्ताच सुचलंय, आणि सुचलेलं तर ते आत्ताच होतं. खोली गात होती. जपानी, जर्मन, टेक्ससचे आजीआजोबा, आम्ही तिघं ठाण्या-ह्यूस्टनचे. पाऊण तासात शो संपला आणि दुसऱ्या दारात पुढची रांग तयार.

तर आता सांगा, ही सगळी माणसं आली नसती तर? लोक येतात, तिकीट काढतात, पाऊण तास गप्प बसून ऐकतात, म्हणून त्या तिशीच्या ड्रमरला याच शहरात राहून आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसाशेजारी बसून रोज शिकता येतं. २००५ मध्ये कटरिना वादळ आलं तेव्हा फ्रेंच क्वार्टर, म्हणजे हॉल आहे तो शहराचा जुना भाग, उंचावर असल्यामुळे हॉल वाचला, पण वादकांची घरं ज्या वस्त्यांमध्ये होती त्या बुडाल्या, माणसं कुठल्या कुठल्या राज्यांत पांगली. पुढच्या वर्षी हॉल परत उघडला. मार्च २०२० मध्ये परत बंद, ते थेट जून २०२१ ला उघडला. दर वेळी वादक परत आले कारण परत यायला ही खोली होती. अ‍ॅलन १९८७ मध्ये गेले, सँड्रा २०२१ च्या डिसेंबरात, आता मुलगा बेन बघतो, तोही ट्युबा आणि बास वाजवतो. चार्ली गॅब्रिएल हे इथले क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवाले, जन्म १९३२ चा, घराण्यातली चौथी पिढी, यांनी स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम नव्वदीला टेकल्यावर काढला.

हॉटेलवर परत येताना मला मुंबई आठवत राहिली. टेडी वेदरफर्ड नावाचे पियानोवादक पोरवयात याच न्यू ऑर्लीन्सला पियानो शिकले, शिकागोला नाव काढलं, आणि पुढे फिरत फिरत मुंबईला ताजमध्ये येऊन वाजवायचे, कलकत्त्याला १९४५ मध्ये वारले. त्यांच्यासारख्यांकडून आणि रेकॉर्डवरून आपल्या गोव्याच्या वादकांनी हे उचललं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनिओ झेवियर वाझ, त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या चालींत जो ट्रम्पेटचा झटका येतो त्यामागे हीच मंडळी. आईच्या रेडिओवर मी हे सूर लहानपणापासून ऐकलेत, ते कुठून आले ते आज समोर बघितलं. पण त्या गोव्याच्या म्हाताऱ्या वादकांना, स्टुडिओतलं काम बंद झाल्यावर, अशी एक खोली मुंबईत कुणी दिली नाही. धोबीतलावला नाहीतर पणजीत, चार बाक आणि एक टोपली एवढंच लागलं असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं आणि दादाला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "अगं, ऐकायला गेलो असतो का आपण?" मी तर गेले असते.

उद्या रविवार आहे, म्हणून सकाळी आधी काँगो स्क्वेअरला जायचं ठरलंय. गुलाम माणसांना आठवड्यातून तेवढा रविवारच मोकळा मिळायचा आणि १८१७ पासून जमायला ती एकच जागा, तिथे ते ढोल वाजवून नाचायचे. तो ठेकाच आज ड्रमरच्या हातात होता, असं इथले लोक सांगतात. मग दुपारी परतीचा रस्ता. वहिनीने संध्याकाळच्या शोचं तिकीट आहे का ते बघायला घेतलंय, मिळालं तर ह्यूस्टनला सोमवारी पोचू.