आधी डावा हात

रिहॅब वॉर्डला, म्हणजे पेशंटला परत स्वतःचं स्वतः करायला शिकवतात तिथे, येऊन मला तीनेक आठवडेच झाले होते. त्याआधी सगळी वर्षं मेडिसिन वॉर्डात काढलेली, म्हणजे हात भराभर चालवायची सवय, सकाळी स्पंजिंग, कपडे, बेडशीट, औषधं सगळं राऊंडच्या आत उरकायचं, आणि एखाद्या पेशंटने "थांबा सिस्टर, मी करतो" म्हटलं की खरं सांगते, पोटात गोळाच यायचा.

तर ते आजोबा. वय 78, स्ट्रोकनंतर डावी बाजू गेलेली, डावा हात खांद्यातून जरासा हलायचा पण पकड शून्य. आमच्याकडे येऊन नऊ दिवस झालेले आणि बार्थेलच्या चार्टवर, म्हणजे रोजची कामं पेशंट स्वतः किती करतो त्याचे गुण मांडतात तिथे, कपड्यांच्या रकान्यात रोज 0. रोजचा तो 0 बऱ्याचदा मीच भरायचे.

त्या दिवशी रविवार, थेरपीवालं कोणीच नाही. मी नेहमीसारखा शर्ट उचलला तर आमच्या सीनियर सिस्टर म्हणाल्या, आज त्यांना घालू दे, तू हात मागे बांध. मला वाटलं गंमत करतायत. पण नाही. आधी झोपून बीपी घेतलं, मग बसवून परत घेतलं, कारण इतके दिवस आडवा असलेला माणूस उठवला की बीपी धाडकन पडू शकतं. पडलं नाही. मग खुर्चीत नीट बसवलं, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि शर्ट मांडीवर दिला.

आजोबांनी सवयीने उजवा हात आधी घातला. मग डाव्या बाजूला शर्ट पुरेचना. माझा हात पुढे गेलाच, मागून सीनियर खाकरल्या. मी एवढंच म्हटलं, "आजोबा, आधी डावा."

परत काढला, मांडीवर पसरला. उजव्या हाताने डावा हात उचलून बाहीत सोडला, बाही गुडघ्यांच्या मधे लोंबत होती, ती एका हाताने वर ओढत ओढत कोपरापर्यंत आली आणि घसरली. परत. परत घसरली. खांद्यापर्यंत एका दमात गेली तरच राहते हे मला पुस्तकात माहीत होतं, बघितलं मात्र पहिल्यांदाच.

तेवढ्यात मुलगी आली आणि भडकलीच. "सिस्टर, तुम्ही नुसत्या बघत उभ्या? त्यांना होत नाहीये दिसत नाही का?" काय सांगणार, मलाही आतून तेच वाटत होतं. मी तोंड उघडायच्या आत आजोबाच जड जिभेने म्हणाले, "तू बस गं."

ती बसली, फुगून.

बटणं मी खालून लावायला सांगितली, खालची दिसतात आणि टोकं जुळतात. पहिलं लागलं. दुसरं चुकून तिसऱ्या काज्यात गेलं, पण लागलं. घड्याळात 26 मिनिटं झाली होती. मी घातला असता तर दोन. त्या 24 मिनिटांत माझी दोन इंजेक्शनं लेट झाली, ती शेवटी सीनियरनीच दिली, म्हणून जमलं हेही सांगायला हवं, एकटीच्या ड्युटीला हे रोज कसं करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

चार्ट भरताना मी 0 च्या जागी 5 लिहिलं, म्हणजे मदत लागते पण निम्मंअधिक स्वतः करतात. बार्थेलमध्ये पेशंट प्रत्यक्षात काय करतो तेच मांडायचं, काय करू शकला असता ते नाही. आणि नऊ दिवस आम्ही त्यांना काही करूच दिलं नव्हतं, मग 0 येणार नाही तर काय. 5 बघून मला आनंद कमी आणि लाजच जास्त वाटली. खाली डायपर होताच अजून, युरिन पॉट मागायचे ते आधी पण आम्ही पोचेपर्यंत उशीर व्हायचा, मग मागणंच बंद केलं त्यांनी.

अर्ध्या तासाने डॉक्टर राऊंडला आले, म्हणाले छाती तपासायचीय, शर्ट काढा.

मुलीने कपाळावर हात मारला. आजोबांनी मात्र माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काढताना आधी कुठला?"

"उजवा," मी म्हटलं, आणि डॉक्टरांना खुर्ची दिली.