१८८० च्या गिरगावातील दागिन्यांचा शोध : मुंबईतील तीन दिवस

आमच्या नाशिकच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा घेतलेल्या नाटकाचा काळ १८८० च्या आसपासचा असून ते गिरगावातील एका सुखवस्तू घरात घडते. कपडेपट माझ्याकडे आहे. लुगड्यांची आणि पगड्यांची सोय लवकर झाली, पण दागिन्यांपाशी येऊन काम अडले. कारण ‘पेशवाई’ म्हणून दुकानात जे मिळते त्याचा आकार जुना असला तरी मोती, खडे, कड्या आणि फासे सगळे आजचे असतात. आकाराची चित्रे घरबसल्या हवी तेवढी मिळतात, घडण मात्र प्रत्यक्ष पाहावी लागते. म्हणून फेब्रुवारीत पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि दादरला मावसबहिणीकडे मुक्काम ठेवून तीन दिवस केवळ याच कामासाठी दिले.

पहिल्या दिवशी भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. हे संग्रहालय १८७२ साली खुले झाले, म्हणजे आमच्या नाटकातील माणसे हौसेने ते पाहायला गेली असती. मुंबईतील निरनिराळ्या समाजांचे पोशाख दाखवणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती येथे आहेत. पगडीचे बांध, पदराची ठेवण, धोतराचा काचा यांसाठी त्यांचा फार उपयोग झाला. दागिन्यांसाठी मात्र कमी, कारण एवढ्याशा मूर्तीच्या गळ्यातील सर म्हणजे रंगाचा एक ठिपका असतो. तरीही कोणत्या समाजाच्या स्त्रीच्या अंगावर किती दागिने आणि कोठे, हे प्रमाण ध्यानात येते, आणि आपण रंगमंचावर नेहमी जास्तीच घालतो हेही कळते. संग्रहालय बुधवारी बंद असते, हे निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

दुपारी काळा घोडा येथे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात बसले. चित्रे आमच्या नाटकाच्या काळापेक्षा जुनी असली तरी एक गोष्ट त्यांनी शिकवली. चित्रकाराने दंडावरचा बाजूबंद काढताना त्याला बांधणारी रेशमी दोरी आणि खाली लोंबणारे गोंडे तितक्याच मायेने काढलेले असतात. आपण बाजूबंदाला साखळी किंवा इलॅस्टिक लावतो आणि तेथेच काळ चुकतो. हे सुचल्यावर मी सगळी चित्रे पुन्हा पहिल्यापासून पाहिली, या वेळी दागिन्याकडे न पाहता तो अंगावर कशाने टिकला आहे एवढेच पाहत. वही, पेन्सिल आणि लहानसे भिंग जवळ असावे. छायाचित्रांचे नियम दारावरच विचारून घ्यावेत, पण हाताने रेखाटन करावेच, कारण रेखाटताना डोळा ज्या गाठीपाशी थांबतो ती फोटोत निसटून जाते.

दुसरा दिवस मला कायमचा आठवेल. मावसबहिणीच्या ओळखीने गिरगावातील एका चाळीत ८४ वर्षांच्या आजींकडे गेले. त्यांनी प्रथम त्यांच्या आजेसासूबाईंचा फोटो दाखवला. गळ्याशी गडद मण्यांचा जाड सर होता आणि मी तो मंगळसूत्राचा म्हणून वहीत टिपूनही टाकला. आजी म्हणाल्या, “अगं, काळे मणी नव्हेत ते, पोवळी आहेत. थांब, दाखवते.” आणि डब्यातून त्यांनी तोच सर काढून माझ्या तळहातावर ठेवला, लालभडक. त्या काळातील काचेच्या फोटोफलकांवरचे रसायन निळा प्रकाश चटकन टिपत असे, तांबडा आणि पिवळा मात्र त्याला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून कुंकू काळे दिसते, पोवळे काळे दिसते आणि सोनेही अपेक्षेपेक्षा काळवंडलेले उतरते. फोटोवरून रंग ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर लाल, पिवळ्या आणि केशरी वस्तू एकजात काळ्या होऊन बसतील. मापासाठी मात्र फोटो चांगला आहे. प्रौढ स्त्रीच्या दोन्ही बुबुळांच्या मध्यांतले अंतर साधारण ६ सेंटीमीटर असते. चेहरा समोरून असेल तर ती पट्टी धरून नथीचा घेर आणि चिंचपेटीची, म्हणजे गळ्यालगत बसणाऱ्या मोत्यांच्या पट्टीची, रुंदी काढता येते.

मग आजींनी चिंचपेटी काढली. समोरून पाहताना मला विशेष काही वाटले नाही. ती उलटी केल्यावर डोळे उघडले. मोती बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले. तेथील मोती निवडायला, भोके पाडायला आणि विकायला मुंबईच्या बाजारात येत, आणि कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या, मोत्यांनी १९३० च्या सुमारास तो व्यापार मोडेपर्यंत जुन्या घरांतून हेच मोती असत. एकही मोती दुसऱ्यासारखा नव्हता. कोणी किंचित चपटा, कोणी सायीच्या रंगाचा, कोणी फिकट पिवळसर, आणि भोके इतकी बारीक की सुई जाईल असे वाटू नये. पेट्यांच्या कडा गळ्याला घासून गुळगुळीत झाल्या होत्या. मागे साखळी नव्हती, हूकही नव्हता. दोन्ही टोकांना रेशमाचा गोफ, म्हणजे विणलेली दोरी, होता आणि त्यावर गळ्याच्या मापाप्रमाणे सरकणारी गाठ. नऊवारी लुगडे आणि अंबाडा असलेली बाई प्रेक्षकांकडे पाठ करते तेव्हा तिची मान पूर्ण उघडी असते, आणि आजवरच्या आमच्या प्रत्येक प्रयोगात त्या मानेवर पिवळ्या पत्र्याचा हूक चमकत होता, हे आठवून मला वाईट वाटले.

पुतळीमाळही पाहायला मिळाली. पुतळी हा मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्याचा अवतार. त्या नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख असतो, आणि आपल्या सोनारांनी ठसे घडवताना त्या आकृती हळूहळू आपल्याशा केल्या. मूळ नाणे सुमारे २ सेंटीमीटर व्यासाचे आणि साडेतीन ग्रॅमचे असते, त्यामुळे नाटकासाठी जुन्या चांदीच्या रुपयाएवढ्या मोठ्या चकत्या घेऊ नयेत.

तिसऱ्या दिवशी खरेदी. झवेरी बाजारात जुनी घडण पाहायची असेल तर रविवार टाळावा, सकाळी अकराच्या सुमारास गर्दीपूर्वी जावे, लग्नसराईत आणि धनत्रयोदशीच्या आसपास जाऊ नये, आणि काय पाहायचे आहे ते आधीच स्वच्छ सांगावे. नाटकासाठी पाहते आहे असे मोकळेपणाने सांगितल्यावर दोन ठिकाणी आपुलकीने कोंदणकाम दाखवले गेले. खड्यामागे चकाकीचा पातळ पत्रा, खाली लाख आणि भोवती दाबून बसवलेली शुद्ध सोन्याची पट्टी. खडा धातूच्या नखांनी धरलेला नसतो. नकली दागिना निवडताना एवढे एक पाहिले तरी अर्धे काम होते : वर आलेली नखे आणि लखलखते पैलू असलेला हिरा दिसला की तो बाजूला ठेवावा.

भुलेश्वरच्या गल्ल्यांत मणी आणि मोती मिळतात. येथे मी एक चूक केली. दुकानातील दिव्यांखाली सुरेख दिसलेले मोत्यांचे बारा सर घाईने घेतले. रस्त्यावर आणून पाहते तर सगळे गुलाबी झाकेचे आणि एकाच मापाचे. परत घेण्यास नकार मिळाला. मग दुसरीकडून काचेचे साईरंगी मोती दोन, अडीच आणि तीन मिलिमीटर अशा तीन मापांत घेतले आणि तिन्ही एकत्र मिसळले. प्लॅस्टिकपेक्षा काच जड असल्याने सर गळ्यावर नीट पडतो. मोती दारात, उजेडात नेऊन पाहू दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाठवण्यासाठी पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात ओवून देणारा कारागीर, विचारत जावे. एक बाजारातल्याच जिन्याखाली बसलेले भेटले. नायलॉनऐवजी रेशीम, हुकाऐवजी गोफ आणि सरकती गाठ, एवढे सांगितल्यावर त्यांनी जास्त काही विचारले नाही, फक्त “गळा किती?” म्हणाले. मजुरी आधी ठरवावी आणि कलाकारांची मापे सोबत न्यावीत. मी नायिकेचे माप विसरले होते, ते फोनवरून मागवावे लागले. नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ घ्यावी, पण चापाची पट्टी प्रेक्षकांच्या बाजूला येणार नाही हे तालमीतच पाहावे.

पौराणिक नाटक करणाऱ्यांनी सोमवार सोडून अर्धा दिवस घारापुरीसाठी ठेवावा. गेटवेवरून बोट मिळते. तेथील सहाव्या शतकातील शिल्पांत पार्वतीच्या कानांत, गळ्यात, दंडावर आणि कमरेला दागिने आहेत, नाकात मात्र काहीही नाही. सीतेला नथ घालण्यापूर्वी ते एकदा पाहून यावे.

परतीच्या गाडीत मी तयार चिंचपेटी मांडीवर उलटी ठेवून गोफाची गाठ पुनःपुन्हा सरकवून पाहत होते. शेजारच्या बाईंनी विचारले, “आजीची का हो?”