पुढचा गेम कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच: "आमचं डी अँड डीचं कॅम्पेन संपलं. ग्रुप तोच आहे. आता पुढे कुठला गेम घेऊ?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी उलट विचारते, "मागच्या कॅम्पेनमध्ये तुमचा वेळ कशात गेला?" मग समोरचा हिरमुसतो. डॉक्टरकडे गोळी मागायला जावं आणि त्याने काल काय जेवलात ते विचारावं, तसं काहीसं.

रोल-प्लेइंग गेम हे प्रकरणच ज्यांना नवीन आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण खेळ चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जिथे जमेल की नाही अशी शंका असेल, तिथे फासे पडतात. हारजीत नसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डी अँड डी, आणला, तिथून हे सुरू झालं. तीच पात्रं घेऊन महिनोन्महिने खेळत राहिलात की ते कॅम्पेन.

आमचं पहिलं कॅम्पेन अडीच वर्षं चाललं. कोथरूडमधलं माझं डायनिंग टेबल, एकाआड एक शनिवार. खेळायला एक दंतवैद्य, दोघी बहिणी आणि एक इंजिनिअर. तो मध्येच बंगळूरला गेला, तेव्हापासून त्याच्या खुर्चीवर लॅपटॉप बसतो. चालवायला मी. शेवटचा ड्रॅगन पडला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. खालच्या काकूंनी सकाळी जिन्यात विचारलं, "काल कुणाचं काय होतं?"

त्यानंतर आम्ही आधी मतदान केलं. मतदान करू नका. चारही मतं 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीला पडली, आणि सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक वाचायची वेळ आली ती मत नसलेल्या माझ्यावर. गेम चोख आहे. प्रत्येक पाळीला तीन कृती, एवढ्या एका नियमाने लढाईत जी गंमत येते ती डी अँड डीत नाही. शिवाय सगळे नियम नेटवर फुकट आणि अधिकृतपणे वाचायला मिळतात. पण मी तो परीक्षेचा अभ्यास केल्यासारखा चालवला, आणि ते टेबलावर दिसत होतं. तीन सेशनमध्ये गुंडाळलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जो चालवणार, पहिला शब्द त्याचा. खेळणारा शनिवारी संध्याकाळी मोकळ्या हाताने येतो, चालवणाऱ्याचा गुरुवार-शुक्रवारही त्यातच जातो. त्याला ज्या पुस्तकाचा कंटाळा आहे, तो गेम चार जणांना कितीही आवडो, दिवाळीपर्यंत टिकत नाही.

पण माझी खरी चूक पुढची. तीही सांगते, कारण ती सगळेच करतात.

डी अँड डीच्या काळात आमच्या मंडळींचा एक रोग होता, म्हणजे मी त्याला रोग समजत होते. एका सावकाराची तिजोरी फोडायची होती. बेत तीन तास चालला. पहारा कधी बदलतो, कुत्र्याला काय खायला घालायचं, दोर किती फूट लागेल. प्रत्यक्ष चोरी चाळीस मिनिटांत आटोपली. मी आपली माझ्या नोंदी झाकणाऱ्या पडद्याआड बसून चहा गार होताना बघत होते. म्हणून पुढचा गेम मी त्या रोगावर औषध म्हणून निवडला: जॉन हार्परचा 'ब्लेड्स इन द डार्क', २०१७ चा. अंधाऱ्या शहरातली चोरांची टोळी. यात बेत आखायला बंदीच म्हणा ना. चोरीचा प्रकार ठरवायचा, एक तपशील सांगायचा, फासे टाकायचे की थेट भानगडीच्या मधोमध. वाटेत कुलूप आडवं आलं तर खेळणारा म्हणू शकतो, "मी परवाच नोकराला पैसे चारून ठेवले होते", आणि तो प्रसंग मागे जाऊन तिथल्या तिथे खेळायचा. त्याची किंमत पात्राच्या ताणाच्या खात्यात चढते. ताण नऊवर पोचला की पात्र कोलमडतं. काय सुंदर यंत्र आहे! वाचताना मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

सहा सेशन झाले आणि टेबल थंड पडलं. कुणी तक्रार करेना, पण लॅपटॉपवरचा इंजिनिअर कॅमेरा बंद ठेवायला लागला. शेवटी धाकटी बहीण म्हणाली, "अगं, आम्हाला तिजोरीत शिरायचंच नव्हतं गं. कसं शिरायचं, ते बोलत बसायचं होतं."

तीन तास ज्याला मी वाया गेलेला वेळ समजत होते, तो त्यांचा खेळ होता. मी नेमका तोच कापून टाकला होता. 'ब्लेड्स'चा यात काही दोष नाही. मुलं झोपल्यावर रात्री दहाला बसणारा आणि बाराला उठणारा एक ग्रुप माझ्या ओळखीत आहे, त्यांना मी डोळे मिटून तोच सांगितला आणि ते दीड वर्ष त्यातच आहेत. त्यांना बेताला वेळ नाही. आमच्याकडे वेळच वेळ होता.

म्हणून तो प्रश्न. वेळ कशात गेला? लढाईत गेला आणि सगळे खूश होते, तर डी अँड डी सोडताय कशाला? २०२३ च्या जानेवारीपासून त्याचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली कुणालाही खुले आहेत, खर्चही नाही. पात्रांच्या आपसातल्या भांडणांत गेला, तर 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या गेमच्या घराण्यातलं, म्हणजे त्याच्या नियमांवर बेतलेलं काहीतरी बघा. तिथे दोन साधे फासे: दहा किंवा वर आलं तर काम फत्ते, सहा किंवा खाली आलं तर पंचाईत, आणि सात ते नऊ म्हणजे जमलं, पण काहीतरी मोजावं लागलं. ३६ पैकी १५ वेळा हे 'जमलं, पण' येतं. डी अँड डीतल्या वीस बाजूंच्या एका फाशावर १ काय आणि २० काय, सगळ्यांची शक्यता सारखीच, ५ टक्के. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, टेबलावर वाटत नाही. त्या 'पण'मधून नवं भांडण निघतं, आणि भांडणच हवं असेल तर आणखी काय पाहिजे!

आम्ही मग 'कॉल ऑफ क्थुल्हू'कडे गेलो. १९८१ चा गेम, १ ते १०० आकडा देणाऱ्या फाशांवर चालणारा: कौशल्य ४५ असेल तर ४५ किंवा खाली पाडायचं, संपलं. नियम माझ्या आईलाही दहा मिनिटांत कळले. पात्रं साधी माणसं असतात, गोळी लागली की मरतात, आणि अघोरी काही पाहिलं की शहाणपणाचा आकडा घसरतो. त्यामुळे लढाई टाळायची आणि शोध घेत राहायचा. म्हणजे बेतच बेत! पुस्तकातला काळ १९२० च्या दशकातला अमेरिकेचा आहे, मी तो मुंबईत आणला. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली. आमच्या खेळातलं पहिलं प्रेत त्याच गाडीत सापडलं. गाडीत चढायचं कसं, यावर मंडळी पावणेदोन तास बोलली. या वेळी माझा चहा गार झाला नाही, कारण मीही त्यांच्यात बोलत होते.

विकत घेण्याआधी 'क्थुल्हू'ची फुकट मिळणारी छोटी नियमपुस्तिका घेऊन दोन शनिवार खेळून बघा. कुठल्याही गेमला दोनच. एकात नियम कळतात, दुसऱ्यात ग्रुप कळतो. आणि सुरू करण्याआधी एक संध्याकाळ नुसतं बोला: काय हवंय, काय अजिबात नकोय. आमच्याकडे थोरली बहीण म्हणाली, लहान मुलांना इजा नको. एका वाक्यात काम झालं. भयकथेच्या गेमला हे वगळून बसलात तर पुढे फार वाईट वाटतं.

सध्या मी सुट्टीवर आहे. दंतवैद्याला आयुष्यात एकदा चालवायचंय, म्हणून पहिला शब्द त्याचा, आणि त्याने निवडलाय 'ट्रॅव्हलर', तोही १९७७ चा जुना. अंतराळ, व्यापार, कर्ज. फासे घरातल्या लुडोचे चालतात. त्यात पात्र बनवताना त्याची आधीची नोकरी चार-चार वर्षांच्या हप्त्यांनी फाशांवर काढायची असते, आणि प्रत्येक हप्त्यात जिवंत राहायलाही फासे टाकायचे. माझा नौदल अधिकारी दुसऱ्याच हप्त्यात गेला, खेळ सुरू व्हायच्या आधी. दंतवैद्य म्हणाला, "हरकत नाही, दुसरा काढ." काढतेय.