एकतीसचे एकोणचाळीस

फोन आला होता तो रेघेसाठी. "स्कॅन केलेल्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ येतेय, जरा येऊन जा." शेतीला पाणी देणाऱ्या आणि क्षेत्रावरून बिल काढणाऱ्या, कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं ऑफिस. दोन वर्षांपूर्वी त्यांना कॉपी-प्रिंट-स्कॅन असं सगळं करणारं मोठं मशीन मीच बसवून दिलं होतं. अशा तक्रारीला मी सहसा अर्धा तास धरतो. त्या दिवशी रात्री साडेआठला बाहेर पडलो.

रेघेचं कारण तसं सरळ असतं. काचेवर कागद पालथा ठेवून स्कॅन केला, तर सेन्सर कागदाखालून सरकत जातो. काचेवर धुळीचा कण असला तर चित्रात एक ठिपका येतो, बस्स. वरच्या ट्रेमधून गठ्ठा सोडला की मात्र उलटं होतं: सेन्सर जागेवर थांबतो आणि कागद त्याच्यावरून पळतो. मग तोच कण पानाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सेन्सरसमोर बसून राहतो, आणि ठिपक्याची रेघ होते. लोक मोठी काच पुसपुसून दमतात, कारण खरी जागा डाव्या कडेची बोटभर रुंदीची दुसरी काच आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. इथे त्या पट्टीवर व्हाइटनरचा वाळलेला कण होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तो काढला, रबरी रोलर नुसत्या ओलसर कापडानं पुसले, रेघ गेली.

आलोच होतो म्हणून सभासद कार्डाचा बारकोड रीडरही बघितला. तो "मधूनच वेड्यासारखं करतो" अशी तक्रार होती. यातही मशीनचा दोष नव्हता. हे रीडर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच ओळख देतात, कोड वाचला की बटणं दाबल्यासारखी अक्षरं पाठवतात. क्लार्क ताई मराठीत पत्र टाइप करत असताना कुणी कार्ड दाखवलं, की इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असल्यामुळे कोडातल्या इंग्रजी 'के' अक्षराच्या जागी 'ख' उमटायचा आणि सभासद सापडायचा नाही. भाषा बदलायची कळ ताईंना दाखवली. सचिवांनी चहा मागवला.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आत आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. त्या सरळ सचिवांच्या टेबलाशी गेल्या.

"अण्णा, ह्ये बिल कुणाचं हाय?"

"तुमचंच की मावशी. नाव बघा, मालकांचं हाय."

"नाव आमचंच हाय. रान आमचं न्हाई. एकतीस गुंठं हाय आमचं. ह्येच्यात एकोणचाळीस लिवलंय. आठ गुंठं कुठनं आलं?"

संस्थेनं त्या वर्षी सभासद यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर घेतली होती. त्यासाठी १९७४ पासूनच्या टाइप केलेल्या याद्या आधी स्कॅन केल्या, मग स्क्रीनवर बघून ताईंनी क्षेत्राचे आकडे भरले. अण्णा माणूस सरळ. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. मावशींना खुर्ची दिली, स्कॅन उघडला, मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. गट नंबर, नाव, आणि समोर क्षेत्र: ३९. स्वच्छ, ठसठशीत.

"टायपिंगची चूक असती तर मी मानली असती, मावशी. पण हा जुन्या कागदाचा फोटो हाय. फोटोत कोण आकडा बदलणार?"

मी शेजारीच चहा पीत होतो. मलाही ते पटलं होतं. अठरा वर्षं या धंद्यात आहे. स्कॅन अंधूक येतो, तिरका येतो, पानं चिकटून जोडीनं जातात, नेटवर्कचा पासवर्ड बदलला की फाइल फोल्डरमध्ये जात नाही, हे सगळं मी पाहिलंय. पण स्कॅन स्पष्ट यावा आणि चूक यावा, असं माझ्या हातून कधी गेलं नव्हतं.

मावशींनी पिशवीतून पावती काढली. १९८१ ची, निळ्या शाईतली, घड्या पडून मऊ झालेली. त्यात क्षेत्र ३१.

ताई म्हणाल्या, "ओसीआर चुकलं असेल का दादा?" शंका योग्य होती, पण ओसीआर म्हणजे चित्र वाचून त्यामागे मजकूर बसवणं. तो मजकूर चुकला तरी वरचं चित्र आहे तसंच राहतं, आणि इथे तर ओसीआर चालूच नव्हतं. मी माउस हातात घेतला आणि पान मोठं केलं. चारशे टक्के, मग आठशे. एकोणचाळीसमधला नऊ पडदाभर झाला. त्याच्या शेपटीला उजव्या बाजूनं एक बारीक खाच होती, तीन ठिपक्यांची. खाली सरकलो. आणखी एक नऊ. त्यालाही तीच खाच, त्याच जागी, तीनच ठिपक्यांची. तिसरा नऊ. तीच खाच.

माझ्या हाताला घाम फुटला. टाइपरायटरवर आपटलेली दोन अक्षरं कधीच सारखी नसतात. रिबन कुठे सुकलेली, बोटाचा जोर कमीजास्त, त्यात हे कार्बनच्या खालच्या प्रतीवरचं टंकन. हे नऊ एकमेकांसारखे दिसत नव्हते, ते एकच होते, ठिकठिकाणी चिकटवलेले.

"अण्णा, मूळ कागद कुठायत?"

"माळ्यावर. शनिवारी रद्दीवाला येणार हाय."

तो गुरुवार होता.

शिपायानं शिडी लावून गठ्ठे उतरवले. सुतळीनं बांधलेले, वर धूळ, मधूनमधून वाळवीची माती. १९७४ ची यादी तिसऱ्या गठ्ठ्यात सापडली. पातळ, कुरकुरीत कागद, जांभळट झालेली कार्बनची अक्षरं. मी ते पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. एकतीस. एकच्या डोक्याच्या गाठीत कार्बन भरला होता, पण तो एकच होता. नऊ म्हणायला वावच नव्हता.

घडलं काय ते मला तेव्हा उमगलं, कारण असं एक प्रकरण मी पूर्वी वाचलं होतं. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल नावाच्या संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की घराच्या नकाशाची प्रत काढली की एका खोलीचं २१.११ चौरस मीटर क्षेत्रफळ १४.१३ होतंय. शेजारच्या खोलीचा आकडा तिथे येऊन बसला होता. कारण निघालं फाइल लहान करण्याच्या जेबिग-२ नावाच्या पद्धतीत. ही पद्धत पानावरचे सुटे आकार वेचते, जे जवळजवळ सारखे वाटतात त्यांचा एक गट करते, त्यातला एकच आकार साठवते आणि बाकीच्या सगळ्या जागी तोच छापते. फाइल कितीतरी लहान होते. पण दोन वेगळे आकडे तिला एक वाटले, तर चुकीचा आकडा अगदी सुबक छापला जातो. म्हणूनच ही चूक भयंकर आहे. अंधूक आकडा दिसला तर माणूस थबकतो, विचारतो. इथे थबकायला काही उरतच नाही. २०१५ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयानं, मूळ कागद नष्ट करायचे असतील तर आकारांची अशी अदलाबदल करणारी पद्धत वापरायचीच नाही, असं आपल्या नियमात घातलं.

आपल्या लिपीत याला आणखी एक पदर आहे, तो मला त्या खिडकीशी उभा असताना सुचला. देवनागरी शब्द शिरोरेषेनं बांधलेला असतो. 'पाटील' हा मशीनच्या दृष्टीनं एक सलग लांबट आकार, त्यासारखा दुसरा सहजी मिळत नाही. आकड्यांना शिरोरेषा नसते. ते सुटे उभे असतात. म्हणजे नावं शाबूत राहायची आणि नेमके आकडे अदलाबदलीच्या तावडीत सापडायचे. त्यात स्कॅन २०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला दोनशे ठिपक्यांचा. अडीच मिलिमीटर उंचीचा टाइप केलेला आकडा त्यात जेमतेम वीस ठिपक्यांचा होतो. एक आणि नऊ यांच्यातला फरक एका छोट्या वळणाचा, आणि कार्बननं तेच वळण भरलेलं.

ही पद्धत चालू करणारी सेटिंग मशीनवर कुणी ठेवली होती, हे मला शोधावं लागलं नाही. पडद्यावर 'लहान फाइल' नावाचं बटण मीच बनवून दिलं होतं. काळं-पांढरं, २००, जास्तीत जास्त कॉम्प्रेशन. तेव्हा त्यांना वीजबिलं ईमेलनं पाठवायची होती, आणि त्या कामाला ते पुरेसं होतं. ताईंनी याद्यांसाठीही सवयीनं तेच बटण दाबलं. हे मी अण्णांना तिथल्या तिथे सांगितलं. दोष ताईंचा नाही, बटणावर मी काय लिहायला हवं होतं आणि काय लिहिलं, त्याचा आहे.

अण्णांनी पहिलं काम केलं ते रद्दीवाल्याला फोन. "येऊ नको. न्हाई, पुढल्या शनिवारीबी नको."

मग आम्ही बसलो. ताई मूळ यादी मोठ्यानं वाचत होत्या, अण्णा स्क्रीन बघत होते, मी खुणा करत होतो. संध्याकाळपर्यंत चाळीस पानं झाली. सात ठिकाणी आकडा बदललेला निघाला. पाच ठिकाणी एकचा नऊ, दोन ठिकाणी नऊचा एक. ज्यांचं क्षेत्र वाढलं होतं त्यातले दोघं तक्रार करायला आलेच नव्हते, छापील बिल आलंय म्हणजे बरोबरच असणार म्हणून पैसे भरून गेले होते. ती दोन नावं वाचताना अण्णा बराच वेळ गप्प होते.

पुन्हा स्कॅन कशानं करायचं हा खरा प्रश्न होता, आणि सगळ्या कागदांना एकच मशीन हे उत्तर मी आता देणार नव्हतो. कार्बनचे पातळ कागद गठ्ठा करून ट्रेमधून सोडले की सुरकुततात, कडा फाटतात. ते एकेक करून काचेवरच घ्यायचे. ३०० डीपीआय, करड्या छटांत. काळ्या-पांढऱ्यात मशीन प्रत्येक ठिपक्याचा निकाल लावून टाकतं, शाई किंवा कागद. करड्यात फिकट अक्षर फिकटच राहतं आणि वाचणाऱ्याला ठरवता येतं. ए-४ चं पान असं घेतलं तर कॉम्प्रेशनशिवाय साडेआठ एमबीच्या आसपास होतं. अण्णांना ते जास्त वाटलं. मी म्हटलं, हार्ड डिस्क मी देतो, पण हा आकडा कमी करू नका. एक बारकी गोष्ट ताईंना करूनच दाखवली: कागद पाठपोट टाइप केलेला असेल तर त्याच्या पाठीमागे काळा कागद ठेवायचा, म्हणजे मागची अक्षरं झिरपून दिसत नाहीत. एकाच बाजूला असेल तर पांढरा. त्यांनी दोन्ही करून बघितलं आणि "अगं बाई" म्हणाल्या.

जाड बांधणीच्या खतावण्यांना तेही चालणार नव्हतं. हल्लीच्या सडपातळ स्कॅनरमध्ये सेन्सर काचेला अगदी चिकटून असतो. कागद शिवणीजवळ काचेपासून थोडासा उचलला गेला की मजकूर धूसर होतो. त्यांच्यासाठी मी दुकानातला जुना, वजनदार फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर आणायचं ठरवलं. त्यात आरसे आणि भिंग असतं, थोडा उचललेला भागही नीट टिपतो. ज्या वह्या सपाट उघडतच नाहीत त्या वरून कॅमेरा असलेल्या स्टँडखाली, उपड्या न पाडता. सुटी, चांगल्या कागदावरची नवी पत्रं तेवढी मोठ्या मशीनच्या ट्रेमधून. 'लहान फाइल' हे बटण मी पुसून टाकलं. बिलांसाठी काळं-पांढरं लागणारच, त्याला फॅक्सच्या जमान्यातलं ग्रुप-४ कॉम्प्रेशन दिलं. त्यात फाइल तितकी लहान होत नाही, पण एकही ठिपका इकडचा तिकडे होत नाही.

मावशी या सगळ्या वेळात गेल्या नव्हत्या. बाकावर बसून होत्या. दुपारी अण्णांच्या डब्यातली भाकरी त्यांनी अर्धी घेतली. त्यांचं पान पहिलं घ्या, असं अण्णा म्हणाले, म्हणून मी ते काचेवर ठेवलं, झाकण अलगद सोडलं. पडद्यावर करडं पान आलं, डागांसकट, मागच्या घडीच्या रेषेसकट. आधीच्या स्कॅनपेक्षा दिसायला कितीतरी मळकं.

मावशी उठून जवळ आल्या. "मला अक्षर येत न्हाई," त्या म्हणाल्या, "आकडा येतो." बोट पडद्याला टेकवून त्या ओळीओळीनं खाली आल्या आणि थांबल्या. तीन. एक.

"ह्येची छापून द्या एक. आणि ह्यो कागूद," त्यांनी काचेकडे हात केला, "ह्यो कुटं ठेवनार?"

अण्णांनी कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला आणि त्यांच्यादेखत यादी आत ठेवून कुलूप लावलं.