विल्यम्सपोर्टची १००० यार्डांची रेंज: वारा ओळखायचा कसा, गोळी सोडायची कधी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना विल्यम्सपोर्ट साधारण तीन तासांवर आहे. आय-८० धरून पश्चिमेला जायचं, डेलावेअर वॉटर गॅपला नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया लागतं. पुढे आय-१८० ने विल्यम्सपोर्ट, आणि तिथून रूट १५ ने उत्तरेला ट्राउट रनच्या बाजूला. स्पर्धेच्या आदल्या रात्रीच पोहोचा. सकाळची पहिली रिले, म्हणजे नेमबाजांच्या पहिल्या तुकडीची फेरी, चुकली तर दिवसातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हातचा जातो, कारण ऊन चढण्याआधीचा वारा आणि नंतरचा वारा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

इथला ओरिजिनल पेनसिल्व्हेनिया १००० यार्ड बेंचरेस्ट क्लब १९६७ चा. रायफल टेबलावर ठेवून, पुढे रेस्ट आणि मागे वाळूची पिशवी लावून ९१४ मीटरवर ग्रुप, म्हणजे एकाच निशाणावर गोळ्यांचा पुंजका, मारायचा, हा खेळ इथूनच पसरला. लाइट गन म्हणजे १७ पौंडांपर्यंतची रायफल. त्याहून जड ती हेवी गन, तिच्या १० गोळ्या. लाइट गनच्या आता बहुतेक ठिकाणी ५. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते इंचांत मोजतात.

टेबलावर टेकवलेल्या रायफलने नेम धरण्यात काय मोठंसं, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. पण ६ मिलिमीटरची गोळी तिथवर जायला जवळजवळ दीड सेकंद घेते, आणि ताशी १ मैल वेगाचा आडवा वारा तेवढ्यात तिला सात-आठ इंच बाजूला नेतो. ताशी १ मैल म्हणजे गालाला धड जाणवतही नाही. चांगला ग्रुप मात्र चार-पाच इंचांत बसवायचा असतो.

आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी ती स्पर्धा डोळे लावून पाहिली. तिथे प्रत्येक गोळी कुठे लागली ते लगेच पडद्यावर दिसतं. इथे फेरीआधीच्या साइटर, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या चाचणीच्या, गोळ्यांचा अंदाज मिळतो, पण खरी फेरी सुरू झाली की हजार यार्डांवरचं एवढंसं भोक कुणालाच दिसत नाही. चूक कळून सुधारायची सोयच नाही. म्हणून माझं ठाम मत असं की इथे वारा किती आहे हे मोजण्यापेक्षा, मघाचाच वारा पुन्हा आला आहे का, हे ओळखता येणं जास्त मोलाचं.

हे नीट समजलं ते शेजारच्या बेंचवरच्या एका म्हाताऱ्या नेमबाजामुळे. फेरी सुरू झाली, आजूबाजूला धडाधड बार उडू लागले, आणि हे गृहस्थ बोल्ट उघडा ठेवून स्वस्थ. काडतुसं उजव्या हाताशी ओळीने उभी, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत, एकही नाही. एक डोळा स्कोपला, दुसरा उघडा. वारा दाखवणारा फ्लॅग उजवीकडे अर्धवट उचलला गेला, मिराजच्या, म्हणजे तापलेल्या हवेच्या, लहरीही उजवीकडे कलल्या, आणि त्यांनी एकामागून एक चार गोळ्या सोडल्या. बोल्ट, काडतूस, रायफल पुढे ढकलून रेस्टच्या स्टॉपला टेकवणं, ट्रिगर. चारही वेळा तोच ठेका. पाचवं काडतूस बोटांत धरलं आणि हात थांबला. फ्लॅग खाली आला होता. मिनिटभराने तो पुन्हा तेवढाच उचलला गेल्यावरच पाचवी गोळी गेली.

त्यांनी काडतूस हातात ठेवून वाट पाहिली, चेंबरमध्ये भरून नाही, याकडे लक्ष द्या. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस बसून राहिलं की बारूद गरम होते, गोळीचा वेग बदलतो आणि ग्रुप उभा ताणला जातो. थांबायचं असेल तर रिकाम्या चेंबरने थांबा. नळीवर मिराजची पट्टी लावा, नाहीतर नळीची स्वतःची वाफ स्कोपसमोर नाचते आणि वारा समजून तुम्ही तिलाच वाचत बसता.

साइटरच्या वेळात सगळ्या गोळ्या शांत वाऱ्यात खर्च करू नका. एक जास्त वाऱ्यात मारा, एक पडत्या वाऱ्यात, आणि दोन्हींत किती अंतर पडतं ते डोक्यात ठेवा. मग जो वारा सारखा परत येतो आणि थोडा टिकतो, तो निवडा. तो शांतच असायला हवा असं नाही. शांतता पुष्कळदा सगळ्यात कमी टिकते. समोरून किंवा पाठीमागून येऊन डावी-उजवीकडे झुलणारा वारा सगळ्यात दगाबाज, त्यात हात आवरलेलाच बरा.

आपल्या जवळचे फ्लॅग आधी बघा. सुरुवातीला गोळीची दिशा जराशी वळली तरी तो फरक पुढे निशाणापर्यंत वाढत जातो. निशाणाजवळचा वारा तेवढं करू शकत नाही. स्पॉटिंग स्कोप (निरीक्षणाची दुर्बीण) निशाणाच्या थोडा अलीकडे फोकस केला की मिराज स्वच्छ दिसतो. लहरी सरळ वर उकळत असतील तर वारा एकतर थांबलाय किंवा दिशा बदलतोय. जोराच्या वाऱ्यात मात्र लहरी आडव्या होऊन जातात, तेव्हा फ्लॅगवरच भिस्त. आणि ग्रुप घड्याळाच्या तबकडीवरच्या दहाच्या आकड्याकडून चारच्या आकड्याकडे तिरका पडला तर रेस्टला दोष देऊ नका. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या) नळीत उजवीकडचा वारा गोळीला डावीकडे नेताना थोडं वर उचलतो, डावीकडचा खाली दाबतो.

एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा लोकांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असे मोजकेच अपवाद आहेत. मित्राची रायफल हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. नुसतं बघायला काहीच अडचण नाही, आणि बघूनही खूप शिकता येतं. स्वतःची रायफल नेणाऱ्यांनी ती रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत ठेवावी. माणसं निशाणांकडे गेलेली असताना बेंचवरच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही.

कानांना आत प्लग आणि वर मफ असं दुहेरी संरक्षण घ्या. डोंगरातली सकाळ गार असते, जॅकेट हवंच. क्लबला आधी कळवून जा, पाहुण्यांना माहिती द्यायला लोक उत्सुक असतात, फक्त रिले चालू असताना बोलू नका. ऑगस्टच्या उत्तरार्धात मात्र शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टला लिटल लीगची जागतिक बेसबॉल स्पर्धा असते, तेव्हाची हॉटेलं फार आधी आरक्षित करा.