पावलं कोण बघणार?

रुमॅटॉइड आर्थरायटिस या सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या तपासणीत डॉक्टर सहसा २८ सांधे दाबून बघतात. खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं, गुडघे. त्यात घोटे नाहीत, पावलंही नाहीत. माझं दुखणं मात्र नेमकं पावलांत होतं. मधल्या सुट्टीनंतर वर्गात उभं राहिलं की चवड्याखाली खडे रुतायचे आणि फाइलीत 'आजार आटोक्यात' असा शेरा असायचा.

औषधांवर माझा राग नाही, उलट त्यांनीच मला वाचवलं. माझ्या मावशीलाही हाच आजार होता. तिच्या वाट्याला आल्या त्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टिरॉइड. बोटं करंगळीच्या बाजूला कलली आणि भाकरी थापणं कायमचं सुटलं. मेथोट्रेक्सेटला या आजारासाठी अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. मला ते निदान झाल्या झाल्या सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डबीवर मी मार्करनं 'शनिवार' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी, आणि अधूनमधून रक्ताची, लिव्हरची तपासणी. आज माझी बोटं सरळ आहेत. भूमितीच्या आकृत्या मी अजून फळ्यावर स्वतः काढते.

थकव्याचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. सूज उतरली तरी तो राहतो, रात्रभर झोपूनही जात नाही. घरच्यांना तो आळस वाटतो, याचं फार वाईट वाटतं. या आजारात नेमकं काय मोजायचं हे ठरवणारा 'ओमेरॅक्ट' नावाचा संशोधकांचा गट आहे. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या बैठकीत त्यांनी पहिल्यांदा रुग्णांना चर्चेत सोबत घेतलं. रुग्णांनी थकव्याचा मुद्दा लावून धरला आणि पुढे तोही मोजावा असं ठरलं. हे वाचताना मला अक्षरशः भरून आलं.

गेल्या भेटीत मी सरळ म्हटलं, "मॅडम, जरा पावलंही बघता का?" त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला आणि माझ्या तोंडून किंकाळी बाहेर पडली. सोनोग्राफीत सांध्यांना सूज निघाली. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला सल्फासॅलाझिन सुरू झालंय, चपलाही रुंद घेतल्यात. चवड्याला बराच उतार आहे, थकव्याला अजून नाही. पुढच्या भेटीत आधी त्याचंच बोलणार आहे.